नारिंगी झालर

८ जानेवारी २००६, रविवार

नवी वही. जुनी आशाने रद्दीत घातली. वहीला मासळीचा वास येत होता म्हणे. टाकीत हात घालून त्याच हाताने मी नोंदी लिहितो, ही तिची तक्रार. तक्रार खरी आहे.

निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, नाहीतर कट्ट्यावर सरकारला शिव्या देतात. मी घरात समुद्र आणला. हॉलमध्ये शोकेस होती तिथे चार फुटी काचेची टाकी, मिठाचं पाणी, पंप, निळे दिवे आणि जिवंत पोवळी. नाशिकरोडला समुद्र कशाला, असं मेव्हणा विचारतो. त्याला नुसती बटणं दाखवावीत. आम्ही हौशी लोक बटणं म्हणतो ती ही पोवळी खडकाला चिकटून वाढतात. एकेक शर्टाच्या बटणाएवढं, कडेने बारीक झालर. दिवा लागला की उघडतात, धक्का लागला की मिटतात.

डिसेंबरात मुंबईच्या व्यापाऱ्याकडून नारिंगी बटणांचा गुच्छ आणला. अख्ख्या नाशकात हा रंग माझ्याकडेच. ललितचा फोन आला की काका, नवीन माल आधी आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. ललितही याच नादातला, अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर, वय तिशीच्या आत, सल्ले साठीच्या पुढचे. मी बत्तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात तपासणीला होतो. शाईचा ठिपका केसभर सरकलेला असला तरी माझं बोट तिथे थांबायचं. गुच्छ भिंगाखाली उलटसुलट पाहिला आणि पास केला.

मागच्या बाजूची पाच बटणं चार दिवस मिटलेली आहेत. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडतो, त्याने रुसली असतील.

११ जानेवारी, बुधवार

बकरी ईद. इनायतभाईकडून डबा आला. इनायत शेखचं भद्रकालीत माशांचं दुकान आहे. पाळायच्या माशांचं, हे आशाच्या बहिणीला दर वेळी सांगावं लागतं. दुकानात समुद्राची एकच टाकी. सात वर्षांपूर्वी तळहाताएवढ्या खडकावर त्याने हिरवी बटणं लावली, आता त्यांचा गालिचा झालाय. नाशकात ज्याने कोणी हा नाद केला त्याने पहिला तुकडा इनायतकडूनच नेला. मीसुद्धा. साध्या माशांवर दुकान जेमतेम चालतं, घर चालतं ते या हिरव्या बटणांवर.

डब्यात शेवयांची खीर. त्याची आई जैतुनबी दर वेळी निरोप पाठवते की पातेलं वेगळं, कालथा वेगळा, निर्धास्त खा. मी दोन वाट्या खाल्ल्या.

मिटलेली बटणं आता नऊ.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. रिकामा डबा परत करायचा नाही, हा आशाच्या माहेरचा नेम. तिने तिळाचे लाडू भरले. मला वाटलं, आपल्याकडूनही काही जावं. नारिंगी गुच्छाचा अकरा बटणांचा तुकडा कापला, लोणच्याच्या बरणीत टाकीतलंच पाणी घेतलं आणि स्वतः भद्रकालीत जाऊन दिला.

इनायतभाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्याकडे हिरव्याशिवाय रंग नाही. बरणी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "साहेब, हे कोणी देत नाही." मला फार बरं वाटलं. देण्यातला आनंद काही वेगळाच, हे खरं.

१९ जानेवारी, गुरुवार

बरणी परत आली, आणि जैतुनबीच्या घरातूनही रिकामं भांडं परत येत नाही. आत हिरव्या बटणांचा तुकडा. ललितला फोनवर सांगितलं तर तो पुन्हा आयोडीन घेऊन बसला. त्याला म्हटलं, पाहुण्याने आणलेली मिठाई आपण वास घेऊन बघतो का? तुकडा सरळ टाकीत ठेवला, नारिंगीच्या शेजारी. हिरव्याशेजारी नारिंगी, रंग काय खुलले आहेत.

नारिंगी गुच्छाचा मागचा भाग मात्र आक्रसलाय. पाण्यात मीठ कमी पडतंय का, बघायला हवं.

२९ जानेवारी, रविवार

सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसलो होतो. एक बटण चाललं.

आधी वाटलं, पाण्याचा धक्का. भिंग लावलं. बटणाला झालर होती, नारिंगी, अगदी तशीच. फक्त ते बटण नव्हतं. ती बिनशंखाची गोगलगाय होती, नखाएवढी. पाठीवर मऊ बोटांची दाटी, बोटांची टोकं नारिंगी, आणि खाली पांढुरकं, ओलं, शेंबडासारखं अंग. तोंड एका बटणाच्या मुळाशी लावलेलं. ते बटण निम्मं रिकामं होतं. उरलेला चहा मी बेसिनमध्ये ओतला.

मग एक दिसली म्हणून दुसरी दिसली, दुसरी दिसली म्हणून सहावी. रोज सकाळ-संध्याकाळ मी ज्यांना बटणं समजून कौतुकाने बघत होतो त्यातल्या निम्म्या या. ललितने फोनवर इंग्रजी नाव सांगितलं, तीनदा सांगितलं, मी लिहिणार नाही. या वहीत तिचं नाव घाण. समुद्रात दुसरं काही खातच नाहीत म्हणे, फक्त हीच बटणं. खातात त्याचाच रंग अंगावर घेतात. बत्तीस वर्षं मी खोट्यातून खरं वेगळं काढलं आणि ही शेंबडी वस्तू माझ्या हॉलमध्ये माझ्या नाकासमोर पास झाली.

आशाने खिचडी केली होती. साबुदाणा बघूनच उठलो.

हे आलं कुठून याचा विचार दिवसभर केला. नवीन काय आलं टाकीत? इनायतचा हिरवा तुकडा.

३१ जानेवारी, मंगळवार

आयोडीन. ललितचं ऐकलं एकदाचं. खडक काढून तपकिरी पाण्यात बुडवले, हातात मोजे, डोळ्यावर चष्मा. घाण सुटून तळाला पडू लागली. काही आकसून गोळा होत होत्या, काही पाठीवर पडून पोट दाखवत होत्या. एकोणीस मोजल्या. चिमट्याने उचलताना एक फुटली आणि चिमट्याला नारिंगी चिकट काहीतरी लागलं. तो चिमटा मी फेकून दिला.

खडकाच्या खालच्या बाजूला अंडी. पांढरी, वेटोळं घातलेली, शेवईचा शिजलेला तुकडा चिकटावा तशी. त्यांच्यावर आयोडीन चालत नाही. टूथब्रशने घासून काढायची आणि दर चार-पाच दिवसांनी पुन्हा सगळं करायचं, कारण एखादं वेटोळं राहतंच. आशा म्हणाली, ब्रश कोणता घेतलात? जुनाच, म्हटलं. तिने घरातले सगळे ब्रश बदलले.

आता जन्मात शेवया खाणार नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

ललितच्या गच्चीवर रविवारचं मंडळ. आम्ही नऊ जण, सगळ्यांच्या घरी समुद्र. दर रविवारी जमायचं, तुकड्यांची अदलाबदल करायची, एकमेकांना शहाणपण शिकवायचं. इनायत दुकानामुळे येत नाही.

मी सगळं सांगितलं. चिमट्यापर्यंत आलो तेव्हा दोघांनी वडे खाली ठेवले. कुठून आली, असं विचारल्यावर मी सांगितलं, इनायतच्या तुकड्यातून, दुसरं काही नवीन आलेलंच नाही. माझ्या नजरेबद्दल सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. मग मी म्हणालो, अहो, दुकान बघितलंय का, शेजारी मटणाचं दुकान, समोर गटार, त्या लोकांकडे स्वच्छतेची बोंबच असते, टाकीत तरी वेगळं काय असणार?

सगळे हसले. ललित म्हणाला की त्याचाही एक तुकडा इनायतकडून यायचा होता, आता रद्द करतो. बाकीच्यांनीही ठरवलं की सध्या तिकडून काही आणायचं नाही. एकमत झालं. मंडळात क्वचित होतं.

६ फेब्रुवारी, सोमवार

आशाला कालचं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "त्या लोकांकडे, असं म्हणालात तुम्ही? खीर ओरपून?" मी म्हटलं, तो विषय वेगळा, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, बरं. नंतर दिवसभर तिने मला फक्त जेवायला या आणि दार लावा एवढंच सांगितलं. बायकांना टाकीतलं काय कळणार?

इनायतशी माझं वैयक्तिक काही नाही. माणूस चांगला आहे. चांगला माणूस आणि स्वच्छ टाकी या दोन गोष्टी वेगळ्या, इतकंच.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चौथं आयोडीन. सात निघाल्या, त्यात तीन हिरव्या. हिरवी बटणं खाऊन हिरव्या झालेल्या. म्हणजे पुरावाच. दोन नवी वेटोळी घासली. हाताला आता स्वप्नातही लिबलिबीत लागतं.

कारंज्याच्या चौकात मंडळातले एक भेटले. म्हणाले, इनायतच्या दुकानात आमचं कोणीच फिरकत नाही. त्याने हिरव्या बटणांच्या खडकावर कापड टाकलंय आणि कोणालाच देत नाही. चोराच्या मनात चांदणं, असं मी म्हणालो.

ईदेला खिरीच्या डब्यासोबत आलेला जैतुनबीचा स्टीलचा दुसरा डबा आमच्याकडेच आहे, संक्रांतीच्या गडबडीत राहिला. आशाने तो घासून ओट्यावर ठेवलाय. रिकामाच ठेवलाय. कधी पाठवणार, विचारलं तर म्हणाली, तुम्ही काय घालायचं ते सांगा.

२६ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. आशा सोमेश्वरला गेली. मंडळाला गेलो नाही. नारिंगी गुच्छातली आता चार बटणं उरली. बाकी खडकावर नुसती चिकट साल. सहावं आयोडीन.

मोजे फाटले होते म्हणून आज उघड्या हाताने एक उचलली. बोटावर ती चालू लागली. घाईत नव्हती. पुढचं टोक उचलून इकडे तिकडे हुंगत होती, जेवणाच्या पंगतीत जागा शोधावी तसं. झटकली नाही, का ते माहीत नाही. तिच्यात काही वाईट नव्हतं. किळस आली ती नंतर, आणि ती तिची नव्हती वाटतं. कशाची ते नीट सांगता येत नाही. हात तीन वेळा साबणाने घासला.

३ मार्च, शुक्रवार

आशाने डबा माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाली, भद्रकालीत जायचं आहे ना? मला जायचं नव्हतं. डब्यात तिने पुरणपोळ्या घातल्या होत्या.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. इनायतभाईने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला, आईला आत डबा दिला. मी इकडचं तिकडचं बोललो. मग समोरच्या खडकावरचं कापड त्याने स्वतःच काढलं. गालिच्याची निम्मी जागा पांढरी. सात वर्षांचं काम.

मी म्हटलं, तुमच्याकडेही फार झालेली दिसते. तो हो म्हणाला. काउंटरखालून इंजेक्शनची रिकामी बाटली काढली, आत स्पिरीट. त्यात चार घाण. मला भिंग दिलं. चारींना नारिंगी झालर.

"या पहिल्या चार," तो म्हणाला. "पंचवीस जानेवारी. चिठ्ठी लावलीय बघा. नंतरच्या सगळ्या हिरव्या."

पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. जे खातात त्याचा रंग घेतात. त्याच्याकडे नारिंगी कधीच नव्हतं. फक्त बरणीतली अकरा बटणं.

मी विचारलं, सांगितलं का नाही? त्याने खडकावर कापड परत टाकलं. म्हणाला, तुम्ही सणाला प्रेमाने आणून दिलं, तुमचं मन मोडायचं कसं? आणि तुम्हाला दिलेला तुकडा मी चांगला बघून दिला होता, पण मलाही दिसली नसेल तेव्हा. आठवडाभर विचार केला, मग ठरवलं की सांगू, तुमचीही टाकी वाचेल. तेवढ्यात तुमचा रविवार झाला.

माझा रविवार त्याला कोणी सांगितला ते मी विचारलं नाही. किती सांगितलं तेही नाही. चहा आला. मटणाच्या दुकानाचं शटर खाली होतं, शुक्रवारच्या नमाजाची वेळ. त्याच्या टाकीची काच माझ्या काचेपेक्षा स्वच्छ होती, हे मी पाहिलं.

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. आठ जानेवारी, मागची पाच बटणं मिटलेली. अकरा जानेवारी, नऊ. इनायतचा तुकडा एकोणीस तारखेला आला. सगळं माझ्याच अक्षरात. लोडशेडिंग काय, रुसवा काय, मीठ काय. छापखान्यात असा कागद मी पास केला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

आणि घाण हे नाव मी कोणाला दिलं होतं.

४ मार्च, शनिवार

आशाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, किडा कोणाच्याही घरी येतो, त्याचं काय. बोललात ते कसं आवरणार? उद्या मंडळात जाऊन सांगा.

मी म्हटलं, फोन करून सांगतो एकेकाला. ती म्हणाली, बोललात तेव्हा फोनवर बोलला होतात का?

५ मार्च, रविवार

गेलो. वडे यायच्या आधी उभा राहिलो, नाहीतर जमलं नसतं. वही सोबत नेली होती. आठ जानेवारी वाचून दाखवलं, अकरा वाचून दाखवलं. बाटलीतल्या चार नारिंगी झालरींचं सांगितलं. घाण माझ्या घरातून त्याच्याकडे गेली, आयोडीन न लावल्यामुळे आणि माझ्या घमेंडीमुळे, असं स्पष्ट म्हणालो. त्याचं निम्मं पोट मी मारलं आणि त्याच्या लोकांबद्दल जे बोललो ते नीच बोललो, तेही म्हणालो. साठीत असं उभं राहणं म्हणजे शाळेत बाकावर उभं राहण्यासारखंच.

कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. एकाने चटणी पुढे सरकवली. जोशी म्हणाले, वा, गायधनी, मन मोठं लागतं याला. दुसऱ्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, मन मोठं नाही, चूक माझी आहे, तारखा आहेत. ते म्हणाले, हो हो, कळलं. मग तिसऱ्याने विचारलं की मीठ कोणत्या कंपनीचं चांगलं, आणि विषय मिठावर गेला.

मी ललितला म्हटलं, तुझी ऑर्डर परत दे त्याला. ललितने माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

"काका, तुम्ही त्याच्यासाठी हे केलंत ना, ग्रेट आहे. दुसऱ्या कोणी केलं नसतं. पण खरं सांगू? तरी आपण सावध असलेलं बरं. त्या लोकांचं काही सांगता येत नाही."

माझंच वाक्य. शब्द थोडे इकडे तिकडे, पण माझंच. मी त्याला म्हटलं की हे मी म्हणालो होतो आणि ते खोटं होतं. तो म्हणाला, हो काका, बसा, वडा गार होतोय.

वडा खाल्ला नाही. रिक्षा करून भद्रकालीत गेलो. इनायतभाई ब्रशने खडक घासत होता. रविवारची संध्याकाळ, तरी दुकानात कोणी नाही. मी त्याला सगळं सांगितलं, ललितचं वाक्यसुद्धा, कमी-जास्त न करता. दोन महिन्यांत त्याला मी पहिल्यांदाच सगळं खरं सांगत होतो. सांगताना मला इतकी शिसारी आली की शेवटचे शब्द तोंडातच राहिले, त्याने ते आपणहून पुरे केले.

त्याने ब्रश पाण्यात बुडवला, झटकला.

"बसा साहेब," तो म्हणाला. "हे तुम्हाला नवीन आहे. आम्हाला नाही."

मग एक बाई मुलाला घेऊन आली, तिला दोन सोनेरी मासे हवे होते, आणि तो उठून त्यांच्याकडे गेला. मी बसून राहिलो. उशीर झाला म्हणून आशाचा फोन आला, तिला सांगितलं की माझं जेवण झाकून ठेव.